बसूनच वाचा

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. चर्च भरलेलं, पेटीवाल्याने सूर धरलेला, आणि हातातल्या झावळ्यांनी एकमेकांचे डोळे फोडण्याचा पोरांचा कार्यक्रम जोरात. उपासना सुरू व्हायला दहाएक मिनिटं होती. मी शास्त्रपाठाच्या जागी उभा राहून पान काढत होतो. आमचं मोठं पवित्र शास्त्र २०१९च्या पुरात भिजलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती तेव्हाची गोष्ट. नंतर उन्हात वाळवलं, पण पानं फुगली ती फुगलीच. एक उलटायला जावं तर चार येतात.

एवढ्यात मंडळीतला एक तरुण जवळ आला. माझाच विद्यार्थी, आता बँकेत आहे. किंचित वाकून म्हणाला, "सर, तुम्ही बसाच आता."

मी भडकलो. "एकतीस वर्षं इथं उभा राहून वाचतोय मी. तू चड्डीत होतास तेव्हापासून. मला बसवणारा तू कोण?" हे मी हळू बोललो असं मला वाटत होतं. पेटी थांबली, झावळ्याही थांबल्या. तो मुलगा लाल झाला, "चुकलं सर" म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

मग मी वाचलं. उभं राहून, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. त्या रविवारचा पाठ फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला: ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसण्यापर्यंत आज्ञापालन करून "स्वतःला लीन केले". 'लीन' या शब्दावर मी नेहमीसारखा थांबलो. तिथे थांबलं की परिणाम चांगला होतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं.

सोमवारी संध्याकाळी नात म्हणाली, "आबा, तो दादा तसं म्हणालाच नव्हता."

"मग काय म्हणाला?"

"बसूनच वाचा म्हणाला. तुमचा गुडघा दुखतो म्हणून."

मी मानेना. मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाला अकरावीतल्या पोरीने चूक दाखवणं तसं अवघडच. पुण्यातल्या आत्याला पाठवायला तिने उपासनेच्या आधीपासूनच सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तिने माझ्या कानाला हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. "सर, तुम्ही बसूनच वाचा. खुर्ची आणलीय." चित्रात माझ्या मागे ती खुर्चीही होती, मांडवातली लाल प्लास्टिकची. मी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी तरी तो 'बसाच आता' म्हणेल अशी आशा होती, हेही कबूल करतो.

*

आमच्याकडे 'मिरजेला जाऊन येतो' म्हटलं की समोरचा आधी विचारतो, काय दुखतंय? १८८९ साली विल्यम वानलेस नावाचा डॉक्टर मिशनकडून इकडे आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासूनची ही सवय. सांगलीहून मिरजेला जाताना त्याच्या नावाची वानलेसवाडी लागते. मी बसच्या खिडकीशी बसून स्वतःला समजावत होतो की कानात मळ असेल, काढला की झालं.

मळ नव्हता. एका मुलीने मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा परीक्षेत नापास कसं व्हायचं नाही हे मला ठाऊक होतं. आवाज साधारण किती वेळाने येतात याचा अंदाज घेतला आणि त्या हिशोबाने बटण दाबत गेलो. थोड्या वेळाने तिने दार उघडलं.

"काका, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असे काका तिच्याकडे रोज येत असणार.

दुसऱ्यांदा इमानदारीने दिली परीक्षा. कागदावर आलेख आला. डावीकडे २५० हर्ट्झला रेघ बरी वर होती. उजवीकडे ८०००पर्यंत जाताना ती अशी घसरली होती की मला दंडोबाच्या डोंगराचा उतार आठवला. वयाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, असं तिने सांगितलं. स, श, त, फ ही व्यंजनं त्या टोकाला असतात. बायकांचे, पोरांचे आवाजही बरेचसे तिकडचे. स्वर मात्र खाली, जाड पट्टीत, ते टिकतात. म्हणून माणसाला वाटतं, मला तर ऐकू येतंय, हेच लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, आणि मधल्या जागा मेंदू आपल्या मनाप्रमाणे भरतो.

आपल्या मनाप्रमाणे. 'बसूनच वाचा'मधली गळलेली अक्षरं माझ्या मनाने कशी भरली ते तुम्ही पाहिलंच. तो तरुण माझ्या काळजीने बोलतोय, असंही भरता आलं असतं. पण माझ्या मनात आधीपासून एक वाक्य तयार होतं, की हे सगळे मला बाजूला सारायला बसलेत. मी ऐकलं ते तेच वाक्य. कान फक्त निमित्त.

त्या बटणाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. आवाज नसताना दाबलेलं बटण. आम्हा मंडळीतल्या जुन्या माणसांना हे फार चांगलं जमतं. चर्चच्या पंच कमिटीत वाद वाढला की मी म्हणायचो, "मी यावर प्रार्थना केली आहे, आणि प्रभूने मला दाखवलंय की..." प्रभूने काय दाखवलं असेल ते दाखवलं असेल, पण ते दर वेळी माझ्या मताशी तंतोतंत जुळायचं. कुणाच्या प्रार्थनेत कुठे 'आमेन' येणार हे अंदाजाने कळतं, तिथे दाबायचं बटण. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय हा देवाला साद देणारा माणूस! त्या मुलीसारखं दार उघडून कुणी म्हणत नाही, काका, आत्ता तर काहीच वाजलं नव्हतं.

*

मराठीत 'ऐकणं' या शब्दाची एक गंमत आहे. 'पोरगं माझं ऐकत नाही' म्हणजे त्याचे कान ठीक आहेत, ते मी सांगतो तसं करत नाही. कानाने ऐकणं आणि म्हणणं मान्य करणं, दोन्हीला एकच शब्द. जुन्या कराराच्या इब्री भाषेतही असंच आहे: 'शमा' म्हणजे ऐक, आणि ऐकून तसं कर. शलमोन राजाला देवाने विचारलं, काय पाहिजे ते माग. त्याने मागितलं ते मूळ भाषेत शब्दशः 'ऐकणारं अंतःकरण' आहे. मागितलं शहाणपण, असं आपण पोरांना सांगतो. त्याने मागितले कान, आणि तेही छातीत.

नम्रतेची आपल्याकडे तशी रेलचेल आहे. सांगलीतल्या कुठल्याही चौकात उभे राहा. पंचवीस फुटी फ्लेक्स, वर हात जोडलेला हसरा चेहरा, खाली 'आपला नम्र'. लग्नपत्रिकेत 'आपले विनम्र'. 'नम्र'मध्ये वाकणं आहे, आणि वाकताना फोटो काढता येतो. माझं 'लीन'वर थांबणंही त्याच जातीचं होतं. येशू "मी मनाचा सौम्य व लीन आहे" म्हणतो ते मनाबद्दल, मानेबद्दल नव्हे. आणि तो मुलगा काही चूक नसताना "चुकलं सर" म्हणाला, तिला तरी मी नम्रता म्हणावं का? मला नाही वाटत. ती आमच्या शाळांची करामत. मास्तर ओरडले की आधी चुकलं म्हणायचं, काय चुकलं ते नंतर बघू. त्या मुलाची नम्रता त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात होती, खुर्ची उचलून आणण्यात. तेवढ्यासाठी त्याला माझा गुडघा दिसावा लागला होता.

*

रविवारच्या शाळेत मी गेली कित्येक वर्षं शमुवेलाची गोष्ट सांगतो, मंदिरात झोपलेल्या पोराला देवाने रात्री हाक मारली ती. ती माझी खास. अंधार करतो, म्हणजे खिडक्या लावतो, कानामागे तळवा धरतो, "शमुवेला!" अशी घोगरी हाक मारतो. पोरं आडवी पडून उठून पळतात, सतरंजीवर लोळतात. शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बोल, तुझा दास ऐकत आहे." दर वर्षी गोष्ट शमुवेलाची. एली हा नुसता एक म्हातारा, ज्याच्याकडे पोरगं तीनदा चुकून जातं.

मिरजेहून परतल्यावर त्या रात्री मी तो अध्याय काढला तर मला एलीशिवाय कुणी दिसेना.

शिलो इथल्या मंदिरात याजक. चाळीस वर्षं इस्राएलाचा न्यायनिवाडा केलेला. डोळे मंदावलेले. त्या काळी परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं, असं शास्त्र सांगतं. म्हणजे इतक्या वर्षांच्या सेवेत या माणसाला हाक अशी फारशी आलीच नसावी. आणि रात्री एक पोर धावत येतं, तुम्ही हाक मारली ना? नाही बाळा, झोप जा. पुन्हा येतं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा येतं तेव्हा म्हाताऱ्याच्या लक्षात येतं. हाक येते आहे, खरी आहे, आणि ती आपल्याला नाही. आपल्याच खोलीपलीकडे, कालच्या पोराला.

तिथे मी असतो तर? "एकतीस वर्षं इथं उभा राहून" हे वाक्य माझ्याकडे तयार होतंच. एली तसं म्हणाला नाही. त्याने त्या पोराला उत्तर कसं द्यायचं ते शिकवलं. स्वतःला न आलेल्या हाकेचं उत्तर! आणि पडून राहिला. शमुवेलाने त्या रात्री काय ऐकलं ते शास्त्रात आहे. एलीने उरलेली रात्र कशी काढली ते नाही. सकाळी त्याने मुलाला बोलावून सांगितलं, काही लपवू नकोस. मुलाने सांगितलं तो एलीच्या घराण्याचा निकाल होता. पोरं बिघडलेली, बापाने आवरली नाहीत, घर बुडणार. ते ऐकून म्हातारा एवढंच म्हणाला: "तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो."

एलीला मी चांगला ठरवत नाही. पोरांच्या बाबतीत तो खरोखरच चुकला होता, आणि ती चूक लोकांना महागात पडली. सुरुवातीला शमुवेलाची होणारी आई हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता, तेव्हा याने तिला दारू प्यालेली समजून झापलं होतं. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही आणि माणूस आपल्या मनाने जागा भरतो! हे वाचून मला बरं वाटलं, लाजही वाटली. पण ती म्हणाली, मी प्यालेली नाही, मी जीव ओतत होते. आणि हा तिथल्या तिथे वळला: शांतीने जा, तुझं मागणं देव देवो. खुलासे मागितले नाहीत. याजकाला चूक कळायला एका दुःखी बाईचं एक वाक्य पुरलं. अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन खुर्चीवरून मागे पडून गेला बिचारा. त्याचं सारं आयुष्य बघितलं तर दोन गोष्टी हाताला लागतात: एकदा बाईचं ऐकलं, एकदा पोराचं ऐकलं. मला हल्ली वाटतं, हे कमी नाही.

*

माझी आजी सातारची. १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक साताऱ्याला राहायला आले, 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची संगत काढली, त्या वेळी ती लहान होती. टिळकांना पाहिल्याचं सांगायची, आणि आम्ही तिला चिडवायचो. पण तिचा ओढा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं ही बाई 'नाही' म्हणत होती. आधी नवऱ्यापासून लांब, मग जवळ पण चूल आणि पाणी वेगळं, मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न स्वतःचा स्वतःलाच पडून विटाळ संपला. टिळकांसारख्या कवी-वक्त्याला आपल्या घरात हे बोलून साधलं नव्हतं. आजी म्हणायची, "तिनं पटकन हो म्हणलं असतं तर त्याला काय किंमत?"

आजीचं हे वाक्य मी त्या वर्षी भलत्या कामाला लावलं. त्या तरुणाची माफी मागायला मला सात महिने लागले. एप्रिल गेला, मे गेला. तो दिसला की मी बूट शोधायचो. लक्ष्मीबाईंनाही पाच वर्षं लागली, असं स्वतःला सांगायचो. माणूस शास्त्र आणि संत दोन्ही कुठे वापरेल याचा नेम नाही.

दरम्यान कानाचं मशीन आलं. पहिले काही दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा पडल्यासारखं वाटे. मेंदूला पुन्हा शिकायला आठवडे लागतात, धीर धरा, असं त्या मुलीने बजावलं होतं. पोळ्या लाटताना बायको गुणगुणते, हे मला किती वर्षांनी कळलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातलीच गाणी, पण चाली तिच्या. तिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, मला वाटायचं तुम्हाला आवडत नाही, म्हणून काही बोलत नाही."

मशीन लावून मी मुद्दाम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. तिथे एक जुने ओळखीचे कारागीर आहेत. आमच्या शाळेचा तंबोरा त्यांच्याकडेच असायचा दुरुस्तीला. दुकानात पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले. मी आपली प्रवचनी सुरुवात केली, की बघा चाचा, भोपळा आतून पोकळ असतो म्हणूनच नाद निघतो, तसं माणसाने... त्यांनी वरही न बघता म्हटलं, "पोकळ तर मडकंबी असतंय मास्तर."

मग त्यांनी एक सतार पुढे ओढली. वरच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात, बारीक, अकरा-तेरा. त्या सहसा कुणी छेडत नाही. वरची तार छेडली की त्या स्वराला लावलेली खालची तार आपोआप बोलते. त्यांनी एक सूर छेडला आणि हाताने तार दाबून बंद केली. तरीही आवाज येत राहिला, बारीक, खालून. काही वर्षांपूर्वी हा मला ऐकू येत असणार. मग दुसरा सूर छेडला, खाली शांत.

"ही तार खराब झाली?" मी विचारलं.

"तार चांगली आहे. एकतर लागलेली नसती, न्हाईतर कुठंतरी टेकलेली असती." त्यांनी बोटाने चाचपलं. लाकडाची एक कपची तारेला चिकटली होती. नखाने उडवली, खुंटी थोडी पिळली, पुन्हा सूर छेडला. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. मी पैसे विचारले तर म्हणाले, कशाचे?

*

दिवाळीनंतर हंगामाचा सण झाला. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते देवापुढे आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. हळकुंडांची पिशवी, उसाची मोळी, शाळू, पपया, अंडी, एक चिडलेली कोंबडी. लिलाव पुकारणाऱ्याच्या हातात माइक असला की त्याला आवरणं पाळकसाहेबांनाही जमत नाही. तो तरुण मागे, भिंतीला टेकून उभा होता. मी गेलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय सर?"

"त्या दिवशी. माझं चुकलं."

"कोंबडी पाहिजे का सर?" त्याने हात वर करून माझ्या नावाने बोली वाढवली. "साडेचारशे!"

मी त्याचा हात खाली ओढला आणि ओरडलो, "माझं चुकलं रे!" नेमका त्याच क्षणी लिलाववाला श्वास घ्यायला थांबला होता. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. महिला मंडळाच्या पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय चुकलं सरांचं?" आणि मग सांगावंच लागलं, थोडक्यात, सगळ्यांदेखत. झापलंही सगळ्यांदेखतच होतं, तेव्हा हिशोब तसा बरोबर. तो मुलगा पुन्हा लाल झाला. "राहू द्या की सर," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने विचारलं, "खुर्ची आणू?" मी म्हटलं, आण. कोंबडी माझ्याच गळ्यात पडली, साडेचारशेला.

आता मी बसून वाचतो. उंचीमुळे मागच्या बाकांना मी दिसत नाही, अशी एक तक्रार आली आहे, पण ऐकू येतं म्हणतात. रात्री मशीन काढून डबीत ठेवतो, सकाळी पुन्हा लावतो. यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात आहे, तो रोज सकाळी माझे कान उघडतो, शिकणाऱ्यासारखं मी ऐकावं म्हणून. रोज सकाळी, म्हणजे कालचं आज चालत नसावं. लावायला विसरलो की बायको खुणेने कान दाखवते.

गेल्या रविवारी पुन्हा शमुवेल सांगितला. खिडक्या लावल्या, हाका मारल्या, पोरं सतरंजीवरून पळाली. या वेळी एलीपाशी थोडा रेंगाळलो. तर दुसरीतला एक पोरगा सगळ्यात मागून काहीतरी विचारत होता. ओठ हलताना दिसत होते, 'एली' एवढं कळलं, पुढचं पोरांच्या गलक्यात गेलं. मी तळवा कानामागे धरला. नाटकातलंच आहे समजून पोरं खिदळली.

"काय म्हणालास?" मी त्याच्याजवळ जात विचारलं. "पुन्हा सांग."